कवळीचं सातवं भोक

जुनी शिडाची बोट बघायला जाताना लोक टॉर्च नेतात, टेप नेतात, फार तर ओळखीतला एखादा जाणकार पकडून नेतात. डॉक्टरांनी दातांचा आरसा नेला. तोच तो, लांब दांड्याचा आणि टोकाला नाण्याएवढी गोल काच असलेला. पस्तीस वर्षं त्यांनी तो लोकांच्या तोंडात घातला होता. दवाखाना बंद करून दीड वर्ष झालं, तरी तो पर्समध्ये किल्ल्यांच्या शेजारी असायचाच.

सोबत वहिनी होत्या, म्हणजे डॉक्टरांच्या धाकट्या भावाची बायको. नणंद-भावजयीचं चांगलं पटतं असं सांगितलं की ऐकणारे जरा पुढे सरकून बसतात, आता काहीतरी भानगड निघणार म्हणून. भानगड कसलीच नव्हती. वहिनींचं पडद्यांचं आणि गाद्यांच्या खोळींचं दुकान दवाखान्याच्या बरोबर खाली होतं. तीस वर्षं वर एक मशीन घुर्र करायचं, खाली एक खडखड करायचं, आणि दुपारी चार वाजता दोघी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून थर्मासमधला चहा प्यायच्या. चहा वहिनी ओतायच्या. दवाखाना बंद झाला तरी हा चहा सुटला नव्हता. गेल्या दोन-एक वर्षांपासून त्या डॉक्टरांचा कप अर्धाच भरत, आणि त्यावरून डॉक्टर त्यांना हमखास टोमणा मारत.

"एवढा हात आखडतेस, दुकान काय बंगल्यासाठी चालवतेस का?"

"अर्धा संपवा, मग परत देते," वहिनी म्हणायच्या आणि विषय तिथेच मिटायचा.

तर ही बोट. सव्वीस फुटी, फायबरची, चाळिशी उलटलेली. बंदराच्या मागच्या आवारात लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. मालक भूगोलाचे निवृत्त शिक्षक होते, सगळे त्यांना सर म्हणत. सरांनी ती जगाला प्रदक्षिणा घालण्यासाठी घेतली होती. बावीस वर्षांत ती बंदराबाहेरच्या तरंगत्या लाल पिंपापर्यंत पुष्कळदा आणि पिंपाच्या पलीकडे दोनदा गेली. आता सरांच्या गुडघ्यांना शिडी चढवत नव्हती.

डॉक्टर डेकवर मांडी घालून बसल्या आणि आरशाच्या दांड्याने ठोकत निघाल्या. टक, टक, टक, टक, ठप्प. ठप्प आलं की थांबत, पुन्हा ठोकत, मान तिरपी करून ऐकत. अशा बोटीचा डेक म्हणजे फायबरचे दोन थर आणि मध्ये लाकूड. कुठल्या तरी स्क्रूच्या कडेने पाणी झिरपतं, आतलं लाकूड कुजतं आणि वरून सगळं पांढरंशुभ्र दिसत राहतं. हे डॉक्टरांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. वरून धड आणि आतून पोकळ असलेली वस्तू हीच तर त्यांची आयुष्यभराची कमाई.

"पुढे डावीकडे, एक," त्या म्हणाल्या.

वहिनींनी पिशवीतून कापडावर खुणा करायचा निळा खडू काढला आणि तिथे गोल केला.

"मधे उजवीकडे, दोन. आणि हे खांबाच्या बुडाशी मोठं आहे."

खाली उभे असलेले सर वर बघत होते. चेहरा अगदी खुर्चीतल्या पेशंटसारखा झाला होता. अकरा निळे गोल झाल्यावर त्यांनी कसंबसं विचारलं, "काय, टाकून द्यावी लागेल का?"

"छे हो. भरता येईल."

हे ऐकून सर इतके सुखावले की बोलणी तिथल्या तिथे झाली. किल्ल्या देताना त्यांनी बोटीच्या पोटावर थाप मारली आणि म्हणाले, "एक सांगतो. हिला फार बंद करू नका. हिला मोकळं लागतं." डॉक्टरांना वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलंय, बोलू दे. त्यांनी मान हलवली आणि ते वाक्य या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

आता साठी ओलांडलेल्या बाईला बोट कशाला हवी, हे विचारायचं धाडस फक्त धाकट्या भावाने केलं. त्याला बसमध्येही मळमळतं, त्यामुळे पाण्याबद्दल त्याचं मत आधीच तयार होतं. डॉक्टर म्हणाल्या, "घरात बसून कंटाळा आला." दवाखाना बंद करतानाही त्या हेच म्हणाल्या होत्या, आणि तेव्हाही ते खोटं होतं.

खरं असं होतं की त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. आधी सही करताना, मग चमचा धरताना. एके दिवशी एका गाण्याच्या शिक्षिकेच्या दाताला आरसा लागला आणि आपोआप वाजला, टिकटिकटिक. बाईंनी डोळे उघडले, डॉक्टरांकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. भल्या बाई, एका शब्दाने बोलल्या नाहीत. मज्जातंतूंच्या डॉक्टरने तपासून सांगितलं की यात घाबरण्यासारखं काही नाही, हा कंप घराण्यातून येतो, जिवाला धोका नाही. फक्त पेशंटच्या तोंडात मशीन चालवू नका. म्हणजे जीव ठेवला आणि जगणं काढून घेतलं, असं डॉक्टरांनी मनातल्या मनात त्याला ऐकवलं. बाहेर कुणालाच सांगितलं नाही. ज्या हातापुढे सगळं गाव आ करत होतं, त्या हाताची कीव केलेली त्यांना चालणार नव्हती.

म्हणून ही बोट. त्यांनी स्वतःशी पैज लावली होती, अगदी साधी. बोट आपल्या हाताने नीट करायची आणि पाण्यात सोडायची. आतून कोरडी राहिली तर हात अजून कामाचा. पाणी आलं तर बोट विकायची आणि हात मांडीवर ठेवून गॅलरीत बसायचं.

कामाला सुरुवात झाली तशी भावाने बोटीचं बारसं करून टाकलं. तिचं मूळ नाव उन्हाने पुसून गेलं होतं. "जुनी, पिवळट, आणि रात्रभर पाण्यात ठेवायची," तो म्हणाला, "ही तर कवळी." डॉक्टर दोन दिवस रागावल्या आणि तिसऱ्या दिवशी आवारात स्वतःच म्हणाल्या, "कवळीची शिडी कुणी नेली?" मग ते नाव पक्कं झालं.

त्यांनी अकराही गोल कापून उघडले. आतलं लाकूड गाळलेल्या चहाच्या चोथ्यासारखं काळं आणि ओलं होतं, चमच्याने निघत होतं. सगळं खरवडायचं, कडक लाकूड लागेपर्यंत जायचं, वाळवायचं, मग नवीन लाकूड बसवून वर फायबरचं कापड आणि चिकट रसायन थरावर थर चढवायचं. बोलायला आवारात कुणी नसलं की डॉक्टर बोटीशी बोलत. "आता जरा झोंबेल हं," असं त्यांनी एकदा डेकला सांगितलेलं वहिनींनी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

हाताचं म्हणाल तर हात थरथरत होताच. पण इथे मनगट टेकायला जागाच जागा होती, आणि काम दाण्याएवढं नव्हतं, ताटाएवढं होतं. घासकागद हातात घेतल्यावर तर थरथर उलट उपयोगीच पडायची. चार तासांचं घासकाम अडीच तासांत व्हायचं.

शेवटी रंग. चाळीस वर्षं उन्हात तापलेला पांढरा म्हणजे काही पांढरा नव्हे. डब्यातला कुठलाच रंग जुळेना. मग डॉक्टरांनी घरून दातांच्या छटांची पट्टी आणली, ज्यात सोळा नकली दात ओळीने लावलेले असतात. ती डेकवर धरून त्यांनी एक डोळा मिटला. "चहा भरपूर, सिगारेट नाही," असं निदान केलं आणि त्या छटेबरहुकूम रंग कालवला.

आवाराचे मुकादम हे कमी बोलणारे गृहस्थ होते. बोटी उचलणं, ठेवणं, दोर तपासणं हे त्यांचं काम, आणि लोकांच्या दुरुस्तीकडे बघून नाक मुरडणं हा विरंगुळा. ते एक दिवस कवळीवर चढले, वाकले, डेकवरून अंगठा फिरवत गेले आणि परत आले.

"कुठे होतं?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी जागा दाखवली. मुकादमांनी पुन्हा अंगठा फिरवला, "हं," म्हणाले आणि उतरून गेले. त्या दिवशी डॉक्टरांचे पाय जमिनीवर नव्हते. घरी जाताना त्या दोन वळणं चुकल्या.

आणि इथेच गाडी घसरली. कारण हात असा चालायला लागला की थांबवत नाही. अकरा झाल्यावर डॉक्टर बोटीच्या आत शिरल्या, आरसा आणि टॉर्च घेऊन. आडव्या पडून, फळ्या उचलून, कपाटांच्या तळाशी डोकं घालून त्यांनी सगळं तोंड तपासलं. आणि काय सांगावं, भोकं सापडली. करंगळी जाईल एवढी, अगदी खालच्या बाजूला, कडेला, कुणाला दिसू नयेत अशा ठिकाणी. काहींत केस आणि काळा गाळ अडकला होता.

"हे भोक कशासाठी असेल हो?" वहिनी टॉर्च धरून होत्या, त्यांनी विचारलं.

"भोक कशासाठी असतं? कुणीतरी वेळच्या वेळी लक्ष दिलं नाही म्हणून असतं."

"पण याची कड कशी गुळगुळीत आहे. जणू मुद्दाम पाडल्यासारखी."

"वहिनी, तू पडदे शिव."

पस्तीस वर्षं ज्या बाईने एकही भोक उघडं ठेवून पेशंट घरी पाठवला नाही, तिच्याकडून दुसरी कसली अपेक्षा करणार? डॉक्टरांनी ती साफ केली, वाळवली, भरली, घासली आणि वर रंगाचा हात दिला. सहा आत होती. सातवं बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला, नांगर आणि साखळी ठेवायच्या पेटीच्या बुडाशी, आरपार बाहेर निघणारं. त्यासाठी त्या तासभर पेटीत डोकं खाली आणि पाय वर अशा लटकल्या होत्या. वहीत बोटीचा नकाशा होता, त्यावर सात टिंबं काढून त्यांनी खाली लिहिलं, 'सर्व पूर्ण.'

वहिनींनी शिडाच्या उसवलेल्या शिवणी दुहेरी टाक्यांनी पक्क्या केल्या आणि आतल्या गाद्यांना निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या नवीन खोळी शिवल्या. खोळी इतक्या सुरेख झाल्या की त्यावर बसायचा कुणाला धीर होईना.

मग कवळी पाण्यात गेली. पहिल्या फेरीला भाऊही आला, मांडीवर बादली घेऊन आणि चेहऱ्यावर हुतात्म्याचा भाव घेऊन. वारा बेताचा होता. शीड भरलं, बोट जराशी कलली आणि आवाज न करता निघाली. लाल पिंप आलं. पिंप गेलं. डॉक्टरांनी मागे वळून पिंपाकडे पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. सुकाणूचा दांडा त्यांच्या हातात होता. तो पाण्याच्या ओढीने थरथरत होता, कुणाच्याही हातात थरथरतो तसा. दोन तास त्यांना स्वतःच्या हाताची आठवणही झाली नाही. भावाची बादली कोरडी परत आली, आणि पुढे महिनाभर तो तिची गोष्ट लोकांना सांगत होता.

फळ्या उचलून डॉक्टरांनी बोटीचा तळ पुसून पाहिला. फडकं कोरडं. पैज जिंकल्यातच जमा होती.

त्यानंतर पाऊस लागला आणि नऊ दिवस हलला नाही. वहिनींना एका हॉटेलच्या पडद्यांचं काम आलं, डॉक्टरांना सर्दी झाली, बंदरावर कुणी फिरकलं नाही. दहाव्या दिवशी ऊन पडलं आणि सकाळीच मुकादमांचा फोन आला.

"तुमची बोट नाक बुडवून बसलीय. या."

दोघी पोचल्या तर खरंच. तरंगत्या लाकडी धक्क्याला बांधलेल्या सगळ्या बोटी सरळ होत्या आणि कवळी एकटी पुढून खाली गेली होती, रुसलेल्या मुलीने मान घालावी तशी. डॉक्टर आत उतरल्या. पुढच्या कोनाड्यातली गादी पाण्याने फुगली होती. खोळीच्या निळ्या पट्ट्यांचा रंग पांढऱ्यावर उतरला होता. तिथल्या फळ्यांवर घोटाभर पाणी होतं, आणि मजा म्हणजे बोटीच्या मध्यभागी सगळ्यात खोल जागी बसवलेला पंप कोरडा ठणठणीत होता. त्याला पाण्याचा पत्ताच नव्हता.

डॉक्टरांनी हे सगळं पाहिलं, पण त्यांना दिसलं एकच. पाणी आलं होतं. वरून पाऊस, खाली पाणी, मधे आपण भरलेले अकरा गोल. म्हणजे गळले. म्हणजे हात गेला. त्या बोटीच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी उजवा हात डाव्या हाताखाली दडपून धरला.

"सरांना फोन करते," त्या म्हणाल्या. "कुणी गिऱ्हाईक असेल तर बघा म्हणते. विकून टाकू."

"का?"

"कंटाळा आला."

वहिनी पिळलेली खोळ हातात घेऊन उभ्या होत्या. त्या खोळीत त्यांची एक आख्खी रविवारची सुट्टी गेली होती, पण चिडल्या त्या कारणाने नव्हे. "दवाखाना बंद करताना पण हेच म्हणालात तुम्ही. वन्सं, तुम्हाला दुसरं काही सांगता येत नसेल तर निदान नवीन काहीतरी जुळवा."

वहिनी एरवी 'ताई' म्हणायच्या. 'वन्सं' आलं की समजायचं, पाणी डोक्यावरून गेलंय. वहिनींनी खोळ टाकली, पिशवीतून खडू काढला, आणि वर छताला, जिथे डेकची आतली बाजू येते, तिथे एकेका भरलेल्या जागी खसाखसा घासायला लागल्या. कापड नीट वाळलंय का ते त्या असंच बघायच्या. कोरड्यावर खडूची भुकटी होते, ओल असली की लगदा होतो.

भुकटी पडत होती. वहिनींच्या केसांत, डॉक्टरांच्या मांडीवर, सगळीकडे निळी भुकटी.

"मोजा," वहिनी म्हणाल्या. "नऊ, दहा, अकरा. अकराच्या अकरा कोरडे. एकही गळलेला नाही. आता बोला."

डॉक्टरांनी स्वतः उठून त्या जागांवरून बोट फिरवलं, एकदा नव्हे, दोनदा. कोरडं होतं. त्या गोंधळल्या. "मग पाणी आलं कुठून?"

उत्तर वरून आलं. मुकादम पुढच्या टोकाशी नांगराच्या पेटीचं झाकण उघडून उभे होते. दोघी वर गेल्या. पेटी काठोकाठ भरली होती आणि साखळी तळाशी बुडाली होती. टोकाच्या दिव्याची वायर जिथून आत जाते, तिथवर पाणी चढलं होतं आणि वायरीच्या कडेकडेने निवांत केबिनमध्ये उतरत होतं.

"याचं भोक कुठाय?" मुकादमांनी विचारलं. त्यांनी धक्क्यावर उतरून, पोटावर पडून, बोटीच्या टोकाला बाहेरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्या बाजूने. मग चष्मा लावून. "असायला पाहिजे. सगळ्या बोटींना असतं. झाकण काही घट्ट नसतं, पाऊस पेटीत येणारच. आला की खालच्या भोकातून बाहेर जातो."

डॉक्टरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "होतं," त्या म्हणाल्या. "मी भरलं."

मुकादमांनी हळूच विचारलं, "आणि आतली? फळ्यांखालची? ज्यातून पाणी वाहत पंपापाशी जातं?"

"सहा होती."

"होती?"

"तीपण भरली."

वहिनी आकाशाकडे बघत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. मुकादम मात्र धक्क्यावर बसलेच. आवारात पंचवीस वर्षं त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं, आता ते डोळे पुसत होते. "बाई, बोटीला मुद्दाम भोकं पाडतात हो," ते म्हणाले. "आणि तुम्ही भरलीत पण अशी की मलाही सापडेनात."

डॉक्टरांना शरम वाटायला हवी होती. वाटलीही, नाही असं नाही. सरांचं ते वाक्य आता आठवलं, तेव्हा कान गरम झाले. पण शरमेच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं आणि ते त्यांना दाबता येईना. हात गळला नव्हता. हाताने कामगिरी चोख बजावली होती, नको तिथेसुद्धा. चुकलं होतं ते डोकं, आणि डोक्याचं त्यांना कधीच फारसं कौतुक नव्हतं. त्यांच्या जिवात जीव आला आणि त्या मोठ्याने हसल्या.

"गिरमिट आहे का?" त्यांनी विचारलं.

मुकादमांनी हाताने फिरवायचं गिरमिट आणलं. "द्या, मी पाडतो," म्हणाले.

"जागा सापडलीय का तुम्हाला?"

नव्हती सापडली. डॉक्टर धक्क्यावर पालथ्या पडल्या, पर्समधून आरसा काढला आणि दांड्याने बोटीच्या टोकाला ठोकायला लागल्या. टक, टक, टक. मग एक जरा जाड आवाज. "हे इथे." त्यांनी गिरमिटाचं टोक तिथे टेकवलं आणि फिरवलं.

टोक घसरलं. रंगावर एक बारीक ओरखडा उठला. पुन्हा टेकवलं, पुन्हा घसरलं. बोट वरखाली होत होती, धक्का वरखाली होत होता, पण ते निमित्त. हात थरथरत होता. इथे मनगट टेकायला काही नव्हतं, ऊन लख्ख होतं आणि मुकादम दोन फुटांवर उभे होते. डॉक्टरांनी गिरमिट थांबवलं. इतके दिवस जे लपवलं ते असं धक्क्यावर उघडं पडलं होतं, आणि त्यांना मान वर करवेना.

वहिनी शेजारी येऊन पालथ्या पडल्या. त्यांनी आपला डावा हात लांब करून बोटीच्या अंगाला पंजा घट्ट दाबून धरला, गिरमिटाच्या टोकाच्या अगदी बाजूला.

"टेका," त्या म्हणाल्या.

"काय?"

"एक बोट टेका माझ्या हातावर. दवाखान्यात टेकायचात ना, शेजारच्या दातावर. माझी दाढ भरलीत तेव्हा बघितलंय मी."

डॉक्टरांनी मान वर केली. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"कप अर्धा का भरते मी, तुम्हाला काय वाटलं? दूध महाग झालं म्हणून?"

दोन वर्षं. दररोज चार वाजता. आणि त्यावरून आपण हिला चिक्कू म्हणत होतो, रोज, न चुकता. मुकादमांना अचानक पलीकडच्या बोटीचा दोर तपासायची आठवण झाली आणि ते तिकडे गेले.

"सांगायचं नाही का?" डॉक्टर म्हणाल्या.

"तुम्ही सांगायची वाट बघत होते. आता टेकताय का? माझा हात अवघडलाय."

डॉक्टरांनी अनामिका वहिनींच्या बोटांवर टेकवली. ती बोटं सुईने खरबरीत झाली होती आणि त्यांना निळा खडू लागला होता. गिरमिट पुन्हा लावलं. हात थरथरला, पण थरथर त्या पंजापाशी येऊन थांबली. टोक रंगात शिरलं, मग आत, मग आणखी आत. पांढरी भुकटी पडली. मग गिरमिट एकदम सैल झालं, आणि बाहेर काढल्याबरोबर नऊ दिवसांचा पाऊस करंगळीएवढ्या धारेने दोघींच्या तोंडावर आला.

धार अर्धा तास चालली. कवळीचं नाक इंच इंच करत वर आलं. डॉक्टर तिथेच बसून त्या भोकाकडे बघत होत्या. कड स्वच्छ आली होती. बोटं शिवशिवत होती, सवयीने, पण त्यांनी आरसा पर्समध्ये टाकला आणि वरून चेन लावली.

"अजून सहा आहेत," वहिनी म्हणाल्या. केसांतून पाणी गळत होतं, निळ्या खडूचे ओघळ गालावर आले होते. "आणि माझ्या खोळी तुम्ही धुणार आहात."

"धुते. आधी चहा दे."

वहिनींनी थर्मास उघडला आणि कप धरला. अर्ध्यावर येताच सवयीने थांबल्या.

"पूर्ण भर," डॉक्टर म्हणाल्या.

"सांडेल."

"सांडू दे."

वहिनींनी काठापर्यंत भरला. डॉक्टरांनी कप उजव्या हातात घेतला. थोडा सांडलाच, फळ्यांच्या फटीतून खाली पाण्यात गेला, आणि उरलेला त्यांनी सावकाश, गरम गरम प्यायला.